परिवीक्षेवर असताना सुरतला जाण्याबाबत खुलासा

परिवीक्षा म्हणजे दोषी ठरलेल्याला तुरुंगात न पाठवता चांगल्या वर्तनाच्या लेखी हमीवर, म्हणजे बंधपत्रावर (बॉण्डवर), सोडणे. ‘नवापूर ओलांडले की महाराष्ट्रातल्या कोर्टाचा बॉण्ड लागू राहत नाही’ असा संदेश नंदुरबार-धुळ्याकडे फिरत आहे. तो चुकीचा आहे. नवापूर स्थानकाच्या फलाटावरच्या बाकाचे एक टोक महाराष्ट्रात आणि दुसरे गुजरातेत असले, तरी बंधपत्र त्या रेषेवर संपत नाही.

अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८ ची कलमे मी स्वतः वाचली आहेत. कलम ४ नुसार हे बंधपत्र जास्तीत जास्त ३ वर्षांचे असते आणि परिवीक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीच्या आदेशासोबत न्यायालय राहण्याच्या जागेची अट घालू शकते. अशी अट असताना परस्पर मुक्काम हलवल्यास, कलम ९ प्रमाणे वॉरंट निघू शकते, मूळ गुन्ह्याची शिक्षाही होऊ शकते, आणि जामीन राहिलेला काका-मामाही अडचणीत येतो, याचे मला सर्वांत वाईट वाटते.

याचा अर्थ सुरतेची रोजी सोडावी असा मुळीच नाही. आदेशाची प्रत घेऊन आधी परिवीक्षा अधिकाऱ्यांना भेटावे; त्यांच्या अर्जावरून, जामीनदारांचेही म्हणणे ऐकून, न्यायालय कलम ८ खाली अट बदलू शकते.

कृपया तो संदेश पुढे पाठवू नका, आणि ज्यांना पाठवला असेल त्यांना हे कळवा.