ड्रोन महाग कसे ठेवावे

देशाचे संरक्षण चुकूनही स्वस्तात होऊ नये, अशी ज्यांची कळकळ आहे, त्यांनी पहिली खबरदारी ही घ्यावी की, चार-दोन उड्डाणांत खर्ची पडणाऱ्या ड्रोनची खरेदीही युद्धनौकेच्याच जाड फायलीतून करावी. शाहेद-१३६ हा इराणी हल्लेखोर ड्रोन अंदाजे २० ते ५० हजार डॉलरांत तयार होतो आणि तो पाडायला सोडलेले अमेरिकी पेट्रियट क्षेपणास्त्र काही दशलक्ष डॉलरांना पडते, असा हिशेब कोणी बैठकीत मांडू लागल्यास त्याला चहा सांगायला बाहेर पाठवावे.

चाचणीसाठी नमुना मागावा. परत करू नये.

२०२४ साली ३१ एमक्यू-९बी हे मोठे अमेरिकी ड्रोन सुमारे ३२ हजार कोटी रुपयांना घेण्याचा करार झाला. त्यांचा उपयोग आहेच. पण त्यांचे छायाचित्र दाखवून ड्रोनचा प्रश्न कायमचा मिटल्याचे जाहीर करावे.

सर्वांत गुणकारी उपाय मात्र अनुभवाच्या दाखल्याचा. रबाळे एमआयडीसीतल्या आमच्या छोट्या गाळ्यात आम्ही टेहळणीचे ड्रोन जुळवतो. दोन मुली भिंगाखाली मान घालून मोटारीच्या स्टेटरच्या, म्हणजे न फिरणाऱ्या भागाच्या, बारा दातांवर तांब्याची तार गुंडाळतात आणि बाहेरच्या कड्यात चौदा चुंबके चिकटवतात. गेल्या मंगळवारी आमचा प्रस्ताव परत आला, कारण हेच मॉडेल सलग तीन वर्षे पुरवल्याचा दाखला जोडलेला नव्हता. युक्रेनमध्ये समोरचा जॅमर, म्हणजे ड्रोनचे संदेश अडवणारे यंत्र, बदलला की काही महिन्यांत ड्रोनही बदलावा लागतो. मग तीन वर्षे न बदललेला ड्रोन आम्ही आणावा कुठून, आणि साहेबांना तो हवा तरी कशाला, संग्रहालयात टांगायला? एप्रिल २०२५ मध्ये चीनने चुंबकांत लागणाऱ्या काही दुर्मीळ मृदा धातूंच्या निर्यातीवर निर्बंध घातले आणि आमची चुंबके अडकली, तेव्हा याच टेबलावरून विलंबाचा खुलासा तीन प्रतींत मागवला गेला होता. (शिक्का उलटा पडला म्हणून फेटाळलेल्या पानांविषयी मी येथे बोलत नाही.)

अहो, ८ मे २०२५ च्या एका रात्रीत पाकिस्तानने ३६ ठिकाणी सुमारे ३०० ते ४०० ड्रोन सोडले. पडलेल्या ड्रोनच्या जागी दुसऱ्या सकाळी नवा उभा राहतो, हे दिसल्याशिवाय शत्रूला धाक कसला बसणार? आणि ते नवे ज्या गाळ्यांतून निघायचे, त्यांनाच तुम्ही दाखल्यांपायी कुलूप लावायला निघाला आहात. लाज वाटू द्या जरा! पुढची अट लिहिण्यापूर्वी एकदा रबाळे स्टेशनवर उतरून आमच्या गाळ्यात या. ऑर्डर नाही म्हणून त्या दोघी सध्या छताच्या पंख्यांच्या मोटारी भरत आहेत.