कुठल्या ग्रुपचे तुम्ही?

माझ्या भाच्याने यंदा गिअरची सायकल घेतली. निमित्त पुणे ग्रँड टूरचं. जानेवारी २०२६ मध्ये पाच दिवस, ४३७ किलोमीटरची ती आंतरराष्ट्रीय शर्यत पुणे जिल्ह्यातून गेली, तेव्हा हा रस्त्याकडेला उभा होता. मला फोनवर म्हणाला, "मावशी, अख्खा घोळका एका क्षणात गेला गं. आवाज कसा, कापडाच्या दुकानात ठाण फाडतात ना, तसा!" आठवड्याभरात सायकल घरात आली. ताई म्हणाली, चला, मोबाइलपेक्षा बरं.

मग रविवारी कुणाबरोबर जायचं याचा शोध सुरू झाला. कुणीतरी त्याला एका व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये घातलं. पहिला प्रश्न, "आधी कुठल्या ग्रुपमध्ये होता?" दुसरा, "ॲव्हरेज किती?" जर्सी सक्तीची, तीही त्यांच्याकडूनच घ्यायची. लागोपाठ तीन रविवार दांडी मारली की नाव कमी. पोरगं दोनदा गेलं. दुसऱ्या वेळी कात्रजच्या चढाला मागे पडलं, वर पोचलं तेव्हा तिथे कुणीच नव्हतं. एकट्याने चहा प्यायला आणि परत आलं.

इकडे बसून मी शर्यतीनंतरचा पुण्यातला वाद वाचत होते. एका बाजूचं म्हणणं, रस्ते झाले, पुण्याचं नाव झालं, कुरकुर कसली करता? दुसरी बाजू म्हणे, पाहुण्यांसाठी डांबर आणि आम्हाला खड्डे. तिसरा गट जुना आणि चिवट आहे. महापालिकेचा २०१७ चा सायकल आराखडा, ट्रॅकवर लागलेल्या दुचाक्या आणि पाठोपाठ आलेल्या-गेलेल्या त्या रंगीबेरंगी भाड्याच्या सायकली हे सगळं त्यांना तोंडपाठ असतं. मला तिघांचंही पटतं. पण भाच्याचा प्रश्न तिघांपैकी कुणीच विचारत नाही. साधा माणूस, बेताची सायकल, कुठलंही सभासदत्व नाही. त्याला रविवारी सकाळी वाटतं की कुणीतरी रस्ता आखून द्यावा, आजूबाजूला चार जण असावेत, अर्ध्यात काहीतरी खायला मिळावं आणि दुपारी घरी यावं. त्याने जायचं कुठे?

मी राहते जर्मनीतल्या म्युन्स्टरला. माणसांपेक्षा सायकली जास्त असलेलं हे शहर. जुन्या तटबंदीच्या जागी लिंडनच्या झाडांखालून साडेचार किलोमीटरचा गोल रस्ता आहे, त्यावर मोटारींना मज्जाव. आता पुणेकर म्हणतील, मग तुला काय कळणार आमचं दुखणं! बरोबर आहे. पण मला सांगायचंय ते ट्रॅकचं नाहीच. इथे आल्यावर पाच वर्षं मी सायकलवरून भाजी आणली, ऑफिसला गेले आणि एकदाही 'राइड'ला गेले नाही. ट्रॅक होते, सोबत नव्हती. क्लबात जावं तर वार्षिक सभा, वर्गणी, वर कार्यकारिणीची निवडणूक. जर्मन माणूस तीन जण जमले की संस्था काढतो असं जर्मनच म्हणतात. आपल्याला हे काही नवीन नाही.

शेजारच्या आजोबांनी मला एर-टे-एफ दाखवली. पूर्ण नाव राडटूरेनफार्ट. हसायचं तेवढं हसून घ्या. ही शर्यत नसते, वेळ कुणी मोजत नाही. गावोगावचे सायकल क्लब वर्षातला एखादा रविवार ठरवतात, आपल्या पंचक्रोशीत तीन-चार अंतरं आखतात, साधारण ४५, ७५, ११५ आणि हौशी लोकांसाठी दीडशेच्या पुढे, आणि त्या दिवशी दार सगळ्यांना उघडं ठेवतात. देशभरच्या अशा राइड्सचं एक कॅलेंडर जर्मन सायकल महासंघ काढतो. तारीख, गाव, अंतरं, कुठून सुटायचं, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, हे सगळं त्यात असतं. कुणाची ओळख लागत नाही, कुठल्या ग्रुपमध्ये 'ॲड' व्हावं लागत नाही. नुसतं कॅलेंडर उघडायचं.

पहिल्यांदा गेले ती बाउमबेर्गेच्या पायथ्याच्या एका गावात. बाउमबेर्गे म्हणजे म्युन्स्टरवाल्यांचे डोंगर. सर्वात उंच टोक १८७ मीटर. सिंहगड पाहिलेल्या माणसाने गालातल्या गालात हसावं आणि चढायला लागल्यावर गप्प व्हावं, असे. शाळेच्या व्यायामशाळेत टेबल मांडलेलं, मागे सत्तरीच्या एक बाई. त्यांनी कार्ड पुढे केलं. नाव, गाव, आणि तिसरा रकाना 'फेराइन', म्हणजे क्लब. मी म्हटलं, मी कुठल्याच क्लबात नाही. माझ्या पोटात तोच प्रश्न गोळा होऊन बसला होता, कुठल्या ग्रुपचे तुम्ही? बाईंनी रकान्यात एक आडवी रेघ मारली आणि म्हणाल्या, "आठ युरो." क्लबवाल्यांना पाच. फरक तेवढाच. पाठीला लावायला नंबर दिला, डोक्यावर हेल्मेट आहे ना ते पाहिलं आणि बाणांकडे बोट दाखवलं.

बाण म्हणजे वहीच्या पानाएवढे पुठ्ठे, दिव्याच्या खांबांना प्लास्टिकच्या पट्ट्यांनी बांधलेले. वळणाच्या आधी एक, वळणावर एक आणि वळल्यावर पुन्हा एक, 'बरोबर आलात' हे सांगायला. नकाशा नको, फोन नको. पंचवीसेक किलोमीटरवर पहिला थांबा, एका शेतकऱ्याच्या गोठ्याशेजारी. केळी, गरम चहा, आणि डुकराची चरबी नि मीठ लावलेला पाव. तो मी सोडला, पण माझ्या पुढच्या गृहस्थांनी पाच खाल्ले. कार्डावर शिक्का. तिथे कार्बनची सायकल आणि पुढे टोपली लावलेली सायकल एकाच भिंतीला टेकून उभ्या होत्या. पाऊस होताच. म्युन्स्टरमध्ये म्हणतातच, इथे एकतर पाऊस पडतो नाहीतर चर्चच्या घंटा वाजतात, आणि दोन्ही एकदम झालं की समजावं रविवार आहे. ४५ किलोमीटरला मला जेवणाची वेळ उलटून गेली. शेवटी व्यायामशाळेत गावातल्या बायकांनी घरून भाजून आणलेले केक होते. माझा नंबर कितवा आला, हे कुणी विचारलं नाही, कारण नंबर नव्हतेच.

याहून सैल प्रकारही आहेत. आ-डे-एफ-त्से (ADFC) ही सायकलस्वारांची राष्ट्रीय संघटना, १९७९ पासूनची. तिच्या शाखा आठवड्यातल्या एखाद्या संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर फेरी काढतात. बिगरसभासदाला दोन-तीन युरो पडतात. एक जण पुढे वाट दाखवत असतो आणि एक सगळ्यात शेवटी. शेवटच्याच्या मागे कुणी राहायचं नाही हा नियम. कात्रजच्या चढावर त्या दिवशी एवढा एकच माणूस कमी होता.

शहरोशहरी महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी क्रिटिकल मास नावाची सायकलफेरी निघते ती तर पूर्ण बेवारस, ना अध्यक्ष ना संघटना. ती उभी आहे वाहतूक नियमांच्या एका कलमावर. सोळा किंवा जास्त सायकली एकत्र असल्या तर तो सगळा जथा एकच वाहन धरला जातो. पहिला हिरव्या दिव्यात शिरला की शेवटच्याने लाल झाला तरी त्याच्यामागून जायचं. हे कलम नळस्टॉपच्या चौकात वाचून दाखवावं असं मला फार वाटतं. लांबून.

आता दुसरी बाजू. हे सगळं सांगितलं की ताईचा ठरलेला शेरा येतो, "तुमच्याकडे सगळं छानच असतं बाई." नाहीये. त्या टेबलामागे चाळिशीच्या आतलं कुणी मला क्वचितच दिसतं. मी पहिल्यांदा गेले ती राइड दोन वर्षांपूर्वी बंद झाली. पैशाची अडचण नव्हती, बाण बांधायला माणसं उरली नाहीत. शंभराच्या वर बाण आदल्या दिवशी लावायचे आणि राइड संपली की त्याच संध्याकाळी उतरवायचे. तरुण मुलांना ३ ऑक्टोबरची म्युन्स्टरलांड जिरो ही मोठी शर्यत हवी असते. बंद रस्ते, वेळ मोजणारी चिप, फोटो. म्हणजे पुण्यात आत्ता जे आलंय, त्याच्याकडेच इथली पोरंही चाललीत. फरक इतकाच की इथे मोठ्या शर्यतीच्या खाली साध्या राइड्सचा पाया आधीपासून होता. आपण कळसापासून सुरुवात केली.

आणि माझी स्वतःची एक लबाडी मला फार उशिरा कळली. 'मला बाई क्लबबिब नको' असं मी वर्षानुवर्षं ऐटीत सांगत होते. माझी ही मोकळीक, वर्गणी भरून, सभेत भांडून क्लब टिकवणाऱ्या वीस-पंचवीस म्हाताऱ्यांनी मला आठ युरोत दिलेली होती. सगळेच माझ्यासारखे असते तर खांबावर एक बाण दिसला नसता.

म्हणून पुण्यातल्या ग्रुपांना नुसती नावं ठेवणं मला जमत नाही. रविवारी पहाटे पाचला उठून लोकांना गोळा करणं सोपं नाही, आणि महाराष्ट्राने सायकलवाले काही कमी दिले नाहीत. नाशिकचे महाजन बंधू २०१५ मध्ये अमेरिका आडवी पार करून आले. बीआरएम म्हणजे ठरल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राइड, तिला कुठल्या क्लबाचं सभासद असावं लागत नाही. नाव नोंदवायचं आणि निघायचं, हे तर अगदी एर-टे-एफसारखंच. अडचण अशी की तिची सुरुवात २०० किलोमीटरपासून होते, तेही साडेतेरा तासांत. कात्रजला मागे पडलेल्या मुलाला ते सांगणं म्हणजे नुकतंच पोहायला शिकलेल्याला धरमतर ते गेटवे दाखवणं.

मधली पायरी हवी. आणि ती बांधायची कला आपल्याला परक्यांकडून शिकायची गरज नाही. पंढरीच्या वाटेवर कुठला कोण वारकरी, पण दारात पाण्याचा हंडा आणि पोह्यांची परात तयार असते. नाशिकहून सायकलवारीसुद्धा जाते. दहा दिवस मांडव सांभाळणाऱ्या मंडळांना एका रविवारचा मांडव जड नाही. तीन अंतरं, खडूचे बाण, शाळेच्या पटांगणात पोहे, आणि शहरात कुठे काय आहे ते एका जागी लिहिलेला तक्ता. व्हॉट्सॲपवर नको, कुणालाही दिसेल असा. महापालिकेने दुसरं काही न करता एवढा तक्ता ठेवला तरी चालेल. क्लबांनी आपापल्या राइड्स चालू ठेवाव्यात, फक्त वर्षातून एकदा तो रकाना रेघ मारून सोडून द्यावा.

हे सगळं मी भाच्याला ऐकवलं. तो "हं, हं" करत होता, म्हणजे दुसरीकडे काहीतरी बघत होता असं मी धरलं. या वर्षी मी इथे बाण उतरवायला नाव दिलंय, हेही सांगितलं. "म्हणजे शेवटी क्लबात गेलीस?" "नाही रे, फक्त कात्री घेऊन फिरायचंय."

गेल्या रविवारी त्याचा फोन आला. सोसायटीतले सात जण, त्यात वॉचमनचा मुलगा साध्या सायकलवर आणि तिसऱ्या मजल्यावरच्या काकू. आदल्या रात्री याने स्कूटरवरून जाऊन सिंहगड पायथ्यापर्यंत खडूने बाण काढलेले. पोहे ताईचे, स्टीलच्या डब्यातून. सगळं नीट चाललं होतं, पण सकाळी डोणजे फाट्यावरच्या बाणावर नेमका टेम्पो उभा राहिला. पाच जण पायथ्याला पोचले. वॉचमनचा मुलगा आणि काकू सरळ पानशेतच्या रस्त्याला लागले.

"मग?"

"मग काय, ते दोघं सर्वात जास्त किलोमीटर करून आले. काकू म्हणतायत, पुढच्या वेळी बाण काढायला मी येते."