‘शाळामास्तरी वळण’ या शेऱ्याबाबत

सप्रेम नमस्कार.

वयावरून आलेल्या इंग्रजी वाक्प्रचारांविषयीच्या माझ्या लेखावरील आपली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्यांना ‘क्रोज फीट’ म्हणणे मी शेक्सपिअरच्या नावावर घातले होते. ते त्याच्या सुमारे दोनशे वर्षे आधी, १३८०च्या दशकात, इंग्रज कवी चॉसरने लिहिलेले आहे, ही आपली दुरुस्ती मान्य आहे आणि लेखात तसा बदल केला आहे.

वय झालेली स्त्री तरुणीसारखी नटली की तिला हिणवायला म्हणतात तो ‘मटन ड्रेस्ड ॲज लॅम्ब’ हा वाक्प्रचार विद्यार्थ्यांनी वापरू नये, या माझ्या सूचनेवर मात्र आपण लिहिता, ‘निरुपद्रवी विनोदातही अपमान शोधणे हे बाईंचे शाळामास्तरी वळण आहे.’ मी लेखात कोणालाही त्याच्या व्यवसायावरून बोल लावलेला नाही. मतभेद मांडायला माझी नोकरी मध्ये आणण्याची आपल्याला गरज का भासली?

आपल्याकडे मटण म्हटले की बोकड डोळ्यांपुढे येतो, म्हणून या शब्दांची धार जाणवत नाही. इंग्लंडमध्ये वर्षाच्या आतले कोवळे मांस ते लॅम्ब, आणि पुरत्या वाढलेल्या मेंढीचे ते मटन. ‘ड्रेस’ म्हणजे कपडे घालणे, तसेच मांस साफ करून शिजवण्याजोगे करणे. म्हणजे जून मांस कोवळे म्हणून गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारण्याची लबाडी येथे स्त्रीवर लादली आहे, आणि विकायचा मालही तीच. घोड्याचे दात वयाबरोबर लांब दिसू लागतात, त्यावरून आलेला ‘लाँग इन द टूथ’ (म्हणजे वय झालेला) पुरुषांनाही लावतात. मटनाचा वाक्प्रचार मात्र स्त्रियांसाठीच राखलेला आहे.

मी ३१ वर्षे इंग्रजी शिकवले. पन्नाशीत एकदा स्नेहसंमेलनाला गर्द गुलाबी साडी नेसून गेले, तेव्हा एका सहकाऱ्याने सर्वांदेखत हेच शब्द उच्चारले आणि खोली हसली. केस काळेभोर रंगवून आलेले दोन गृहस्थ तेथेच बसले होते, त्यांना कोणी काही म्हटले नाही. ती साडी मी पुन्हा नेसले नाही. निरुपद्रवी हा शब्द आपण कोणत्या अनुभवावर वापरलात, ते आपण लिहिलेले नाही.

‘बूढी घोडी लाल लगाम’ आपल्याकडेही म्हणतात, मग इंग्रजीवरच राग का, वगैरे बाकीच्या मुद्द्यांत मी शिरत नाही. तेथेही घोडीच आहे, घोडा नाही, एवढे पाहावे.

विद्यार्थ्यांसाठीची ती सूचना लेखातून निघणार नाही.