यादीत नावच नाही म्हणे!

दर निवडणुकीला आमच्या बेळगावातल्या वडगावात तेच ऐकावे लागते आणि दर वेळी तितकाच संताप येतो. बेळगावसह सीमाभाग कर्नाटकात घातल्याच्या निषेधार्थ १ नोव्हेंबरला काळे कपडे घालून फेरीत हिरिरीने चालणारी, मराठी फलकांसाठी घसा कोरडा करणारी पोरे मतदानाच्या दिवशी केंद्राबाहेर उभी राहून शांतपणे सांगतात, "काका, यादीत नावच नाही." अरे, नाव आपोआप चढत नसते! १९८९ मध्ये मतदानाचे वय २१ वरून १८ वर आले. आता तर नोंदणीसाठी वर्षातून चार पात्रता तारखा आहेत आणि सतरा पूर्ण झाले की नमुना ६ हा मतदार नोंदणीचा अर्ज आगाऊ भरून ठेवता येतो. गेल्या खेपेस शेजारच्या मुलाला तो मी स्वतः आणून दिला, तर दोन महिन्यांनीही तो टीव्हीवर वीजबिलाखाली कोराच पडलेला दिसला. गल्लीतली तुंबलेली गटार आणि विझलेले पथदिवे ज्यांच्या हाती आहेत, ते महापालिकेचे ५८ नगरसेवक मतांवरच निवडून येतात, हे या शिकल्यासवरल्या मुलांना मी कितीदा सांगायचे? परवा पुन्हा नवा अर्ज नेऊन दिला आहे आणि या वेळी तो माझ्यासमोर भरून होईपर्यंत मी त्यांच्या सोप्यातून उठणार नाही.