‘मॅग्नेटिक थेरपीने ऑटिझम बरा होतो’ या मेसेजला उत्तर

स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेल्या मुलांच्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मजकूर सारखा फिरतो. थोडक्यात असा: डोक्यावर चुंबकीय लहरी सोडणाऱ्या टीएमएस यंत्राने ऑटिझम बरा होतो, त्याला अमेरिकेच्या एफडीएची (औषधं-उपकरणांना परवानगी देणाऱ्या सरकारी संस्थेची) मान्यता आहे, साइड इफेक्ट काही नाहीत, कित्येक मुलं बोलायला लागली, ब्रेन मॅपिंगमध्ये फरक दिसतो, आणि पाच वर्षांच्या आत सुरू करा, नाहीतर वेळ निघून जाईल. तीन वर्षांचं मूल अजून ‘आई’ म्हणत नाही, अशा घरात हे वाचून काय कालवाकालव होते, ते मी जवळून पाहिलंय.

आधी मान्यतेचं. एफडीए ठरावीक आजारासाठी, ठरावीक वयासाठी परवानगी देते. टीएमएसला ती २००८ मध्ये प्रौढांच्या डिप्रेशनसाठी मिळाली, २०१८ मध्ये ओसीडीसाठी (तेच विचार, त्याच कृती पुन्हा पुन्हा होण्याचा आजार), आणि २०२४ मध्ये १५ वर्षांपुढच्या किशोरांच्या डिप्रेशनसाठी. ऑटिझमसाठी कुठल्याही वयात मान्यता नाही. मेसेजमध्ये नेमका हाच तपशील गाळलेला असतो.

‘साइड इफेक्ट नाहीत’ हेही खरं नाही. डोकेदुखी, डोक्याच्या त्वचेला टोचल्यासारखं होणं हे नेहमीचं. फिट येण्याचा धोका अगदी कमी, पण आहे, आणि स्वमग्न मुलांमध्ये फिट्सचं प्रमाण मुळातच इतरांपेक्षा जास्त असतं. उपचाराची मात्रा कशी ठरवतात तेही बघा. कॉइल, म्हणजे यंत्राचं लहरी सोडणारं वेटोळं, डोक्यावर ठेवून चुंबकीय झटक्यांचा जोर हळूहळू वाढवत नेतात आणि हाताचा अंगठा कधी हलतो ते पाहतात. लहान मुलांच्या मेंदूतले हे मार्ग अजून पक्के झालेले नसतात, त्यामुळे अंगठा हलायला मोठ्यांपेक्षा जास्त जोर लागतो. मग चार वर्षांच्या मुलाला किती मात्रा द्यायची? शिवाय कॉइलचा प्रत्येक झटका कानाशी जोरात ‘टक्’ वाजतो. मिक्सर लावला तरी कान झाकून घेणाऱ्या मुलाला त्याखाली बसवायचं असतं.

आता सर्वात नाजूक मुद्दा: ‘आमचं मूल सुधारलं.’ हे सांगणारे पालक खोटं बोलत नाहीत. मूल खरंच सुधारलेलं असतं. प्रश्न एवढाच, की ते यंत्रामुळे का? त्याच महिन्यांत स्पीच थेरपी चालू असते, ओटी (ऑक्युपेशनल थेरपी) चालू असते, मूल वयाने वाढत असतं, आणि अख्खं घर त्याच्या प्रत्येक नजरेकडे, प्रत्येक आवाजाकडे डोळे लावून बसलेलं असतं.

सिक्रेटिनची हकिगत प्रत्येक पालकाने वाचावी असं मला मनापासून वाटतं. १९९८ मध्ये अमेरिकेत पोटाच्या तपासणीसाठी या हॉर्मोनचं इंजेक्शन दिल्यावर तीन मुलं सुधारल्याची बातमी आली आणि हजारो पालक त्यामागे धावले. १९९९ मध्ये साठ मुलांवर रीतसर चाचणी झाली: काहींना सिक्रेटिन, काहींना नुसतं सलाइनचं पाणी. कुणाला काय मिळालं हे पालकांना माहीत नव्हतं. दोन्ही गटांतली मुलं सारखीच सुधारली. त्याहून बोलकी गोष्ट पुढे आहे. हा निकाल सांगितल्यानंतरही ६९ टक्के पालकांना आपल्या मुलासाठी सिक्रेटिन हवंच होतं. त्या आशेला मी नावं ठेवणार नाही. पण उपचार विकणाऱ्याला ती आशा चांगली ठाऊक असते.

म्हणूनच टीएमएसच्या चाचणीत एका गटाला नकली कॉइल लावतात. टोरांटोत १६ ते ३५ वयाच्या ४० स्वमग्न व्यक्तींवर अशी चाचणी झाली. कामाची आखणी करणं, गोष्टी लक्षात ठेवणं अशा कौशल्यांत खऱ्या आणि नकली उपचारात म्हणण्याजोगा फरक आढळला नाही. निकाल २०२० चा. लहान मुलांवरही संशोधन चालू आहे आणि ते चालायलाच हवं, पण ‘बरा होतो’ म्हणण्याइतकं त्यात अजून काही हाती लागलेलं नाही.

ब्रेन मॅपिंग म्हणजे डोक्याला तारा लावून घेतलेली मेंदूतल्या विद्युत लहरींची नोंद. तिच्या लाल-निळ्या चित्रावर फार वेळ घालवत नाही. ऑटिझमचं निदान अशा चित्रावरून नाही, तर वागणूक पाहून, पालकांशी बोलून होतं. शिवाय नोंद घेताना मूल डोळे मिचकावतं, दात आवळतं, मान फिरवतं. ते सगळं त्या नोंदीत मिसळतं.

राहिला पाच वर्षांचा धाक. लवकर सुरुवात केलेली बरी, हे खरंच आहे. पण सुरुवात कशाची? गोव्यात आणि रावळपिंडीत २ ते ९ वर्षांच्या ६५ मुलांवर एक अभ्यास झाला, २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. आई किंवा बाबा मुलाशी खेळतात, त्याचा व्हिडिओ काढतात, आणि प्रशिक्षित कार्यकर्ती त्यांच्याबरोबर बसून तो बघते: इथे त्याने तुमच्याकडे पाहिलं, इथे तुम्ही थांबलात म्हणून तो पुढे आला. कार्यकर्त्या तज्ज्ञ डॉक्टर नव्हत्या. तरी पालक मुलाच्या कलाने घ्यायला शिकले आणि मुलं आपणहून जास्त संवाद साधायला लागली.

तरीही कुणी टीएमएस सुचवलंच, तर विचारा: हे संशोधन आहे का? असेल तर सीटीआरआयवर (भारतातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीत) नोंदणी असेल, एथिक्स कमिटीची परवानगी असेल, संमतिपत्र तुमच्या भाषेत असेल, आणि संशोधनातल्या उपचारासाठी तुमच्याकडून पैसे घेतले जाणार नाहीत. पॅकेजचा दर सांगितला, तर कागदावर लिहून मागा की हा उपचार ऑटिझमसाठी मान्यताप्राप्त आहे, आणि खाली डॉक्टरांची सही व नोंदणी क्रमांक घ्या.