नौदलाबद्दल संसदेनं विचारायचंच नाही म्हणे

धाकट्या मामांनी परवा रात्री पावणेबाराला घरच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला. वर तिरंगा, मध्ये युद्धनौका, खाली 'खरा देशभक्तच पुढे पाठवेल' अशी तंबी. मजकूर थोडक्यात असा: एडनच्या आखातात, लाल समुद्राकडं आपलं नौदल व्यापारी जहाजांचं रक्षण करतं, त्यावर खासदारांनी प्रश्न विचारणं म्हणजे शत्रूला मदत. जगातली कुठलीच संसद अशी लुडबूड करत नाही. संसदेच्या समित्यांमुळं गुपितं फुटतात. आणि मार्च 2024 मध्ये 35 चाचे पकडले ते संसदेला बाजूला ठेवलं म्हणूनच. सकाळपर्यंत अकरा अंगठे आले होते. मी सोडून दिलं असतं, पण चहा ओतताना आईनं विचारलं, "खरंय का रे हे?"

शेवटच्या मुद्द्यापासून घेतो, कारण सगळ्यात मोठा घोळ तिथंच आहे.

ते 35 चाचे होते 'रूएन' या पळवलेल्या मालवाहू जहाजावरचे. ते जहाज आयएनएस कोलकाता ही युद्धनौका आणि नौदलाच्या मार्कोस कमांडोंनी सोडवलं. आपल्या किनाऱ्यापासून सुमारे 2600 किलोमीटरवर, चाळीस तासांची कारवाई, 17 खलाशी सुखरूप. त्याबद्दल कुणाचंच दुमत नाही. पण पकडलेल्या 35 जणांचं पुढं काय करायचं? त्यांना मुंबईत आणून पोलिसांच्या ताब्यात दिलं ते सागरी चाचेगिरीविरोधी कायद्याच्या जोरावर. तो कायदा केला संसदेनं. विधेयक 2019 मध्ये लोकसभेत आलं, परराष्ट्र व्यवहारांच्या स्थायी समितीनं, म्हणजे खासदारांच्याच समितीनं, ते तपासलं आणि डिसेंबर 2022 मध्ये दोन्ही सभागृहांत मंजूर झालं. म्हणजे ज्या समित्यांना मेसेज शिव्या घालतो, त्यातल्याच एकीच्या हाताखालून हा कायदा गेला.

कायदा नव्हता तेव्हा काय झालं, तेही बघा. 1999 मध्ये 'अलाँड्रा रेनबो' हे जपानी जहाज चाच्यांनी पळवलं, खलाशांना तराफ्यावर सोडून दिलं आणि जहाजाचं नाव बदललं. आपल्या तटरक्षक दलानं आणि नौदलानं पाठलाग करून ते अरबी समुद्रात पकडलं. 2003 मध्ये मुंबईच्या सत्र न्यायालयानं चाच्यांना शिक्षा सुनावली आणि 2005 मध्ये उच्च न्यायालयातून ते सुटले! परदेशी जहाज, परदेशी आरोपी, खुला समुद्र आणि चाचेगिरीवर आपला स्वतंत्र कायदाच नाही. जवानांनी जीव धोक्यात घालून पकडलं आणि कोर्टात हातचं गेलं. बरं, घटनेच्या संघसूचीत, म्हणजे संसदेनं कायदे करायच्या विषयांच्या यादीत, 21व्या क्रमांकावर चाचेगिरी नाव घेऊन लिहिलेली आहे. हा विषय संसदेचा नाही म्हणणाऱ्यानं तेवढं तरी उघडून बघायचं.

'जगात कुठंच नाही' हे तर धडधडीत खोटं. जर्मनीनं फेब्रुवारी 2024 मध्ये लाल समुद्रातल्या मोहिमेत उतरायचं ठरवलं, तेव्हा आधी संसदेत मतदान झालं. किती सैनिक, तर जास्तीत जास्त 700, हेसुद्धा त्या ठरावात होतं. अमेरिकेत 1973 पासून कायदा आहे: सैन्य लढाईत उतरवलं की 48 तासांत काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, कळवायचं. तिथले अध्यक्ष त्यातून पळवाटा काढतात, ते वेगळं.

गुपितांचं म्हणाल तर संसदीय स्थायी समित्यांच्या बैठका बंद दाराआड होतात. देशाच्या सुरक्षेला बाधा येईल असा कागद द्यायला सरकार नकारही देऊ शकतं. संरक्षणाची समिती पैसा आणि तयारी तपासते, जहाज आत्ता कुठं उभं आहे ते विचारत बसत नाही.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल. आपल्याकडं युद्धनौका पाठवायला संसदेची आधी परवानगी लागत नाही, आणि समितीच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात. म्हणजे मेसेज लिहिणाऱ्याला जिची धास्ती आहे ती लुडबूड मुळात आहेच किती?

आणि मामा, तुम्ही तरी हे पाठवायचं? 2024 च्या सुरुवातीला जहाजं हल्ल्यांच्या भीतीनं लाल समुद्र टाळून आफ्रिकेला वळसा घालायला लागली, तेव्हा सोलापुरात अक्कलकोट रोडच्या तुमच्या कारखान्यात युरोपला जायचे टॉवेल पडून राहिले, तुमचा ओव्हरटाइम बंद झाला. अशोक चौकात चहा पिताना तुम्हीच म्हणाला होता, "सरकार काय करायलंय काय की, कुणी विचारत का नाही?" हेच खासदारानं दिल्लीत विचारलं तर तो शत्रूचा माणूस होतो होय? आधी तो मेसेज काढा ग्रुपवरनं.