पळवाट शेतात नव्हती : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

हेम्प म्हणजे गांजाच्याच जातीचे, पण नशा न आणणारे पीक; त्याविषयीच्या अमेरिकेतील नव्या कायद्यावरच्या माझ्या लेखाला आपण दिलेली प्रतिक्रिया मी जशीच्या तशी ठेवली आहे. ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांच्यासाठी तिचा गोषवारा देतो. हेम्पच्या फुलांतून सीबीडी हा नशा न आणणारा घटक काढणाऱ्या छोट्या उत्पादकांची मी कड घेऊन एकतर्फी लिहितो, लहान मुलांच्या हाती नशेच्या गोळ्या पडत असताना मला फक्त शेतकऱ्यांचे अश्रू दिसतात, सीबीडीचा यकृतावर होणारा परिणाम मी दडवतो, आणि ज्यांना हे पीक परवडत नाही त्यांनी सरळ दुसरे घ्यावे, असे आपले म्हणणे आहे. शेवटी आपले ते वाक्य आहे : "पळवाटेवर पोसलेल्या चोरांची दुकाने बंद होत असतील तर गळा काढायचे कारण काय? आधी शेतात पाय ठेवा, मग लिहा."

मतभेदाला माझी हरकत नाही. हरकत आहे ती या भाषेला. जो माणूस रीतसर परवाना काढतो, आपल्या शेताचे नेमके स्थान सरकारदरबारी नोंदवतो, कापणीपूर्वी अधिकृत व्यक्तीला शेतात बोलावून नमुना कापून देतो आणि प्रयोगशाळेचा अहवाल हाती आल्याशिवाय एक फूलही बाजारात पाठवू शकत नाही, त्याला चोर म्हणताना आपली लेखणी जराही अडखळली नाही, याचे मला मनापासून वाईट वाटले. इतकी तपासणी सहन करून कोणी चोरी करत असेल, असे आपल्याला खरोखर वाटते का? आणि शेतात पाय ठेवण्याचा सल्ला आपण कोणाला देत आहोत, याची विचारपूस करण्याइतके सौजन्यही आपण दाखवले नाही.

म्हणून नाइलाजाने स्वतःविषयी लिहितो. अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यातील एका चाचणी प्रयोगशाळेत मी काही हंगाम काम केले आहे. नमुना कसा घेतात ते मी शेतात उभे राहून पाहिले आहे : झाडाच्या शेंड्याकडचा, फुलोऱ्यासह पाच ते आठ इंचांचा तुकडा कापायचा, म्हणजे टीएचसी हा नशा आणणारा घटक जिथे सर्वाधिक असतो नेमका तोच भाग. त्यातील डेल्टा-९ टीएचसी, म्हणजे टीएचसीचे मुख्य रूप, मोजायचे, आम्लरूपातील टीएचसीएला ०.८७७ ने गुणायचे आणि दोन्हींची बेरीज करायची. ही बेरीज ०.३ टक्क्यांच्या आत हवी. मोजमापातील अनिश्चितता निकालात मिळवून आणि वजा करून जो पट्टा मिळतो, त्यात ०.३ हा आकडा आला तरी चालते. एका शेतकऱ्याच्या नमुन्यात ०.३६ टक्के आले. अनिश्चितता होती ०.०४, म्हणजे पट्टा ०.३२ पासून सुरू होत होता. ०.३ त्यात बसत नव्हते. पावसामुळे त्याची कापणी लांबली होती आणि तेवढ्या काळात फुलोरा अधिक पिकला होता. त्याने फोनवर हुज्जत घातली नाही. उरलेल्या वाफ्यांचे नमुने कधी घेता येतील एवढेच विचारले. नियमाप्रमाणे शेताच्या त्या भागातील पीक नष्ट करणे, फुले काढून टाकणे, नाहीतर संपूर्ण झाडांचा भुगा करून त्याची पुन्हा चाचणी करणे, एवढेच मार्ग त्याच्यापुढे होते. सीबीडीच्या पिकाची सगळी किंमत फुलांत असते, त्यामुळे फुले काढून टाकणे हेही बहुतांशी पीक नष्ट करण्यासारखेच असते. नशेसाठी पिकवल्या जाणाऱ्या गांजाच्या फुलांत टीएचसीचे प्रमाण पंधरा-वीस टक्के सहज असते. ०.३६ टक्क्यांच्या त्या पिकातून कोणाला नशा चढली असती, हे आपणच सांगा.

सीबीडीच्या वाणांत सीबीडी आणि टीएचसी हातात हात घालून वाढतात. सीबीडी तयार करणारे विकर सोबत थोडे टीएचसीही तयार करतेच, आणि त्यांचे गुणोत्तर साधारणपणे वीस ते तीसास एक असे राहते. पीक पूर्ण पिकू द्यावे तर टीएचसी हद्द ओलांडते, लवकर कापावे तर सीबीडी कमी भरते. ही ०.३ टक्क्यांची हद्द तरी कुठून आली? अर्नेस्ट स्मॉल आणि आर्थर क्रॉन्क्विस्ट या वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९७६ मध्ये या वनस्पतीचे वर्गीकरण करताना सोयीसाठी आखलेली ती रेघ होती. किती प्रमाणाला नशा चढते, हे ठरवण्यासाठी ती आखलेलीच नव्हती. तरीही छोट्या शेतकऱ्याने ती मानली आणि ती पाळण्यासाठी आपले पीक स्वतःच्या हाताने नष्ट केले. हे माझ्या डोळ्यांदेखत घडलेले आहे आणि त्यावर मला कोणाचे प्रमाणपत्र नको.

आता पळवाटेविषयी. ती होती, हे मी कधीच नाकारले नाही. २० डिसेंबर २०१८ रोजी स्वाक्षरी झालेल्या कृषी कायद्याने हेम्पची व्याख्या केवळ डेल्टा-९ टीएचसीच्या प्रमाणावर बांधली. सीबीडीवर आम्लाची प्रक्रिया करून डेल्टा-८ टीएचसी बनवता येते. ते नशा आणते, पण व्याख्येतील शब्दांत सापडत नाही. या फटीतून एक मोठा व्यापार उभा राहिला. पण तो उभा राहिला प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यांत. भाव कोसळल्यावर काही शेतकऱ्यांनी आपला पडून राहिलेला माल त्या कारखान्यांना विकला हेही खरे. परंतु अमेरिकी कृषी खात्याच्याच आकडेवारीनुसार देशातील हेम्पच्या पिकाचे मूल्य २०२१ मधील ८२ कोटी ४० लाख डॉलरवरून २०२२ मध्ये २३ कोटी ८० लाख डॉलरवर आले होते. दारात गिऱ्हाईक नसताना आलेल्या एकाला माल विकला, म्हणून सगळ्यांवर चोरीचा शिक्का मारायचा असेल तर आपल्या न्यायबुद्धीपुढे मी हात टेकतो.

१२ नोव्हेंबर २०२५ रोजी सरकारी खर्चाच्या विधेयकासोबत जी नवी व्याख्या मंजूर झाली, तिचे समर्थक आपल्यासारखेच 'पळवाट बुजवली' म्हणतात. केंटकी राज्याच्या ज्या सिनेटर मिच मॅक्कॉनेल यांनी २०१८ मध्ये हेम्पला कायदेशीर करण्यासाठी पुढाकार घेतला, त्यांनीच आता ही व्याख्या आवळण्याचा आग्रह धरला. त्याच राज्याचे दुसरे सिनेटर रँड पॉल यांनी ती वगळण्यासाठी मांडलेली दुरुस्ती ७६ विरुद्ध २४ मतांनी बाजूला सारली गेली. नव्या व्याख्येत एकूण टीएचसी धरले आहे आणि कारखान्यात रासायनिक रीतीने बनवलेले घटक वगळले आहेत. एवढ्यावर ती थांबली असती तर मी लेखच लिहिला नसता. कापणीपूर्वीच्या चाचणीत एकूण टीएचसी तर कृषी खात्याच्या २०२१ च्या नियमांनुसार मोजले जातेच. प्रामाणिक शेतकऱ्याच्या दृष्टीने त्यात नवे काही नव्हते. पण त्याच कलमात आणखी एक मर्यादा घातली आहे : ग्राहकाच्या हाती जाणाऱ्या एका डबीत किंवा बाटलीत मिळून ०.४ मिलिग्रॅमपेक्षा जास्त टीएचसी असता कामा नये.

माझ्या लेखातील हा भाग आपण वाचलेला दिसत नाही, म्हणून हिशेब पुन्हा मांडतो. एका बाटलीत १००० मिलिग्रॅम सीबीडी असलेले, संपूर्ण फुलाचा अर्क वापरून केलेले तेल घ्या. पंचवीसास एक हे गुणोत्तर धरले तर त्या बाटलीत सुमारे ४० मिलिग्रॅम टीएचसी येते. मर्यादा आहे ०.४. शंभरपटीचे हे अंतर आहे आणि शेतात कितीही काळजी घेऊन ते कापता येत नाही. ते कापायचे तर अर्कातील टीएचसी वेगळे काढणारी महागडी यंत्रणा हवी, किंवा शुद्ध सीबीडीचे स्फटिक विकत घेऊन तेलात मिसळायला हवेत. मोठ्या कंपनीला दोन्ही जमते. स्वतःच्या शेतातील फुले सुकवून, अर्क काढून घेऊन, स्वतःच्या नावाने बाटली विकणाऱ्या कुटुंबाचा तर सगळा व्यवसायच संपूर्ण अर्कावर उभा असतो. डेल्टा-८ ला रोखण्यासाठी सीबीडीचे त्यात होणारे रूपांतरणच बंद करणे पुरेसे होते. सीबीडी आणि टीएचसीच्या गुणोत्तराची अट घालूनही नशेचा माल वेगळा काढता आला असता. ते न करता बाटलीतील मिलिग्रॅम मोजायचे ठरवले, आणि ज्यांनी पळवाट वापरलीच नाही तेच आधी चिरडले गेले. यालाच मी अन्याय म्हटले आणि पुन्हा म्हणतो.

आपला एक मुद्दा मला मान्य आहे. मुलांना भुलवणाऱ्या, मिठाईसारख्या दिसणाऱ्या पाकिटांवर कडक बंदी हवी आणि खरेदीसाठी वयाची अट हवी. यात वाद नाही आणि मी कधी घातलेलाही नाही.

यकृताचा मुद्दा आपण माझ्यावर फेकलात, पण तो चुकीच्या दारात पडला आहे. सुरक्षित मात्रा आणि लेबलावरील इशारे ठरवणारे नियम करा, अशी मागणी उत्पादकच वर्षानुवर्षे अन्न व औषध प्रशासनाकडे करत होते. जानेवारी २०२३ मध्ये त्या प्रशासनाने अन्न आणि पूरक आहाराची सध्याची चौकट सीबीडीला लागू पडत नाही असे सांगून त्यासंबंधीचे तीन अर्ज फेटाळले आणि चेंडू संसदेकडे टोलवला. नियम मागणाऱ्यालाच नियम चुकवणारा ठरवणे, हे आपल्याला शोभत नाही.

राहता राहिला दुसरे पीक घेण्याचा आपला सल्ला. केंटकीत हेम्पकडे वळलेल्यांत तंबाखूचे शेतकरी बरेच होते. तंबाखूची मागणी घटल्यावर सरकारनेच त्यांना या पिकाचा मार्ग दाखवला होता, आणि तंबाखू सुकवण्याच्या कोठारांत त्यांनी हेम्प टांगले. नवी व्याख्या १२ नोव्हेंबर २०२६ पासून लागू होईल असे कायद्याचा मजकूर सांगतो. रोपे मे-जूनमध्ये लागतात, कापणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये होते, आणि सुकवणे, अर्क काढणे, बाटल्या भरणे यांत पुढचे आठवडे जातात. म्हणजे वैध परवान्यावर लावलेले पीक बाटलीत उतरेपर्यंत तीच बाटली बेकायदा ठरलेली असेल. बियाणे कंपनीचे पैसे हिवाळ्यातच द्यावे लागतात आणि बँकेचा हप्ता तारखेला भरावाच लागतो. हे वेळापत्रक समोर ठेवून आपण आपला सल्ला पुन्हा एकदा वाचून पाहावा, आणि त्यानंतर या कुटुंबांनी नेमके काय करावे असे आपले म्हणणे आहे, ते मला लिहून कळवावे.